भाजलेल्या मातीतला ध्यानस्थ आचार्य

ध्यानाला बसलेला माणूस मातीत करायला सोपा वाटतो. बैठक रुंद, हात अंगाशी, वर निमुळतं होत गेलेलं शरीर, अधांतरी काहीच नाही. उभ्या मूर्तीला घोट्याशी जो धोका असतो तो इथे नाही. पण मेख याच सोपेपणात आहे. मूर्ती बाहेरून एकसंध दिसते, म्हणून करणारा ती आतूनही एकसंध ठेवतो. मांड्या, गुडघे, मनगटं आणि चीवराच्या, म्हणजे भिक्षूच्या वस्त्राच्या, घड्या समोर एकाच ठिकाणी येतात, तिथे मातीचा मोठा गोळा साचतो आणि तोच सगळ्यात शेवटी वाळतो. भट्टीत फुटतो तोही तिथेच. त्यामुळे अशा मूर्तीबद्दल बोलायचं तर चेहऱ्याआधी पोकळीबद्दल बोलावं लागतं.

माणसाच्या आकाराचा ध्यानस्थ आचार्य मातीत करून धड भाजून काढता येतो, याचा सर्वांत ठसठशीत पुरावा म्हणजे चीनच्या हबेई प्रांतातल्या यीश्यानजवळच्या गुहांतून आलेले अर्हत, म्हणजे निर्वाणाला पोचलेले बौद्ध भिक्षू. १९१२ च्या सुमारास ते बाजारात दिसू लागले. जर्मन अभ्यासक फ्रीड्रिश पेर्झिन्स्की त्यांचा माग काढत डोंगरातल्या गुहांपर्यंत गेला, तेव्हा मूर्ती जवळपास सगळ्या हलवल्या गेल्या होत्या. आज त्यांतली एक लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, दोन न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये, आणि बाकीच्या बॉस्टन, फिलाडेल्फिया, कॅन्सस सिटी, टोरांटो, पॅरिस अशा विखुरलेल्या. काळ साधारणपणे लियाओ राजवटीचा, म्हणजे ९०७ ते ११२५, असा धरला जातो. बसलेल्या मूर्तीची उंची एक मीटरच्या आसपास किंवा थोडी जास्त.

या मूर्तींकडे कारागिराच्या नजरेनं पाहिलं की दोन निर्णय लगेच डोळ्यांत भरतात. एक, खडकासारखं सच्छिद्र आसन आणि वरची मूर्ती हे वेगवेगळे तुकडे आहेत. एवढं वजन एका तुकड्यात भाजायचं कुणी धाडस केलं नाही, आणि ते शहाणपणाचंच होतं. दोन, वरचं हिरवं, पिवळसर तपकिरी आणि मलईच्या रंगाचं ग्लेझ, म्हणजे काचेसारखा लेप, शिशाचं आहे. चिनी परंपरेत अशा तीनरंगी कामाला सानत्साय म्हणतात. शिशाचं ग्लेझ कमी तापमानाला वितळतं. म्हणून आधी कोरं अंग जास्त तापमानाला भाजून घट्ट करायचं आणि मग ग्लेझ लावून दुसऱ्यांदा, खालच्या तापमानाला भट्टी लावायची, अशी ही दोन पायऱ्यांची पद्धत. मोठ्या मूर्तीसाठी याहून चांगली सोय नाही. ग्लेझ वितळत असताना अंग मऊ पडत नाही, त्यामुळे मान झुकत नाही आणि खांदे खचत नाहीत. उलट उच्च तापमानाच्या पोर्सेलीनमध्ये माती स्वतःच काचेसारखी होऊ लागते आणि तिथे प्रत्येक लोंबता भाग आपल्या वजनानं वाकायला बघतो. फूज्यान प्रांतातल्या दहुआच्या पांढऱ्याशुभ्र मूर्ती, ज्यांत मिंग काळाच्या उत्तरार्धातल्या हे चाओत्सोंग या शिल्पकाराचं नाव सर्वांत मोठं, त्या यीश्यानच्या मानानं लहान आणि आटोपशीर आहेत याचं एक कारण हेही आहे. तिथल्या बोधिधर्माचे, म्हणजे झेनच्या आद्य आचार्याचे, हात बाह्यांमध्ये लपवलेले दिसतात. त्यात विरक्तीचा भाव आहेच, पण भट्टीत वाकू किंवा तुटू शकतील अशी दहा बोटंही वाचतात.

खाली जी पद्धत लिहिली आहे ती पक्क्या, म्हणजे भाजून आकसल्यावरच्या, ४० सेंमी उंचीच्या मूर्तीसाठी आहे: जाडसर स्टोनवेअर माती (जास्त तापमानाला घट्ट भाजणारी), ११०० अंश सेल्सियसला पहिली भाजणी, १०५० च्या आसपास बिनशिशाचं ग्लेझ. याहून मोठी करायची तर डोकं आणि धड शेवटपर्यंत वेगळं ठेवून भाजल्यावर जोडणं बरं.

आचार्य म्हणजे बुद्ध नव्हे

घडवताना सर्वांत जास्त दिसणारी चूक हीच. हात सवयीनं बुद्धमूर्ती करायला धावतो. मग डोक्यावर उष्णीष, म्हणजे उंचवटा, येतं, कपाळावर ऊर्णा, म्हणजे भुवयांमधला ठिपका, येते, कुरळ्या केसांच्या गाठी येतात. अर्हत किंवा आचार्य हा माणूस आहे. डोकं मुंडलेलं, कवटीचा आकार स्पष्ट, कानाच्या पाळ्या लांब चालतील पण अलंकार नाहीत. चेहरा सर्वसाधारण नको, एका विशिष्ट माणसाचा हवा. यीश्यानच्या मूर्ती एकमेकींपासून वेगळ्या ओळखू येतात त्या कपाळाच्या आठ्या, गालांची हाडं, हनुवटीची ठेवण यांमुळे. कुणी तरुण आहे, कुणी उतारवयाचा. बोधिधर्म करायचा तर वेगळा संच लागतो: वटारलेले डोळे, दाट भुवया, दाढी, डोक्यावरून घेतलेलं वस्त्र.

डोळ्यांचा प्रश्न नाजूक आहे. पूर्ण मिटलेले डोळे केले की मूर्ती ध्यानात नाही, झोपेत दिसते. वरची पापणी बुबुळाच्या निम्म्याहून थोडी खाली यावी आणि नजर साधारण एक मीटर पुढे जमिनीवर पडावी. याला एक थोर अपवाद आहे. जपानमधल्या नारा इथल्या तोशोदाइजीत चिनी भिक्षू गांजिन यांची ध्यानस्थ मूर्ती आहे, त्यांच्या मृत्यूच्या वेळची, म्हणजे ७६३ च्या सुमाराची. तिचे डोळे मिटलेले आहेत, कारण गांजिन अंध झाले होते. ती मातीची नाही, लाखेत बुडवलेल्या कापडाच्या थरांची आहे, पण आतून पोकळच. मिटलेल्या डोळ्यांतही जागेपणा कसा दाखवायचा ते तिच्या भुवया आणि ओठांवरून शिकावं.

हातांची मुद्रा करण्याआधी परंपरा ठरवा. भारतीय आणि थेरवादी (श्रीलंका, थायलंडकडच्या बौद्ध परंपरेच्या) मूर्तींत उजवा तळहात डाव्यावर असतो. झेन परंपरेत बसताना डावा उजव्यावर ठेवतात आणि अंगठ्यांची टोकं हलकी टेकवतात. मूर्ती झेन आचार्याची आणि हात थेरवादी, असं झालं तर जाणकाराला ते पहिल्या नजरेत खटकतं.

मापं आणि माती

बसलेल्या माणसाची उंची डोक्याच्या उंचीच्या पावणेचार ते चार पट असते. म्हणजे ४० सेंमीच्या मूर्तीत डोकं १० ते १०.७ सेंमी. गुडघ्यापासून गुडघ्यापर्यंत ३२ सेंमी, पाठीपासून नडगीपर्यंत २५ ते २६ सेंमी. नवख्यांच्या कामात डोकं मोठं आणि बैठक उथळ असते, कारण काम समोरून बघत केलं जातं. मूर्ती बाजूनं बघा: पोटऱ्या आणि पावलं मावायला खोली लागतेच, ती नसेल तर पाय कापल्यासारखे दिसतात.

ही पक्की मापं झाली. ओल्या मातीत आकसण्याचा हिशेब जोडावा लागतो. आपल्या मातीची पट्टी करून तिच्यावर १०० मिमीची रेघ मारा आणि ती ११०० ला भाजा. रेघ ९० मिमी भरली तर माती १० टक्के आकसली. मग ४० ला ०.९० नं भागायचं, ओली मूर्ती साधारण ४४.५ सेंमी. प्रत्येक माप असंच भागून कागदावर समोरून आणि बाजूनं पूर्ण आकाराचं रेखाटन करा आणि भिंतीवर लावा. मातीत हात घातल्यावर आकडे आठवत नाहीत, रेखाटन समोर असतं.

मातीत २० ते २५ टक्के ग्रॉग हवा, म्हणजे भाजून दळलेल्या मातीचा चुरा, अर्धा ते एक मिमी कणांचा. ग्रॉग आकसणं कमी करतो आणि भिंतीत वाफेला वाट देतो. चेहऱ्याला आणि हातांना मात्र हा चुरा छळतो. तिथे तीच माती बारीक ग्रॉग घालून वापरा. दोन पूर्णपणे वेगळ्या माती जोडू नका. त्यांचं आकसणं वेगळं असलं की सांध्यावर तडा ठरलेला. एकूण १० ते १२ किलो माती लागते. सगळी एकदम मळून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवा म्हणजे पहिल्या दिवसाची आणि सहाव्या दिवसाची माती सारखीच ओली राहील.

बांधणी

मूर्तीला तळ ठेवायचा नाही. खाली उघडी राहिली की आतली बाजू वाळते, हात घालून भिंत तपासता येते. सगळ्यात आधी त्याच मातीची आठ मिमी जाड पोळी लाटा, बैठकीपेक्षा दोन सेंमी मोठी. तिच्यावर वर्तमानपत्राचा कागद आणि कोरड्या वाळूचा पातळ थर पसरून त्यावर मूर्ती उभारा. ही पोळी मूर्तीबरोबरच वाळते, आकसते आणि भट्टीतही तिच्याखालीच राहते. मूर्ती थेट फळीवर किंवा शेल्फवर ठेवली तर आकसताना कडा घासून अडतात आणि खालून वर जाणारी उभी चीर पडते.

बैठकीची भिंत १२ ते १५ मिमी, छातीपासून वर १० मिमी, डोकं ८ ते १० मिमी. वळ्या, म्हणजे कॉइल, बोटाएवढ्या जाड वळा, एकावर एक ठेवून आतून खाली आणि बाहेरून वर अशा दोन्ही दिशांनी दाबून एकजीव करा. नुसत्या बाहेरून गुळगुळीत केलेल्या वळ्या आतून उघड्याच राहतात आणि भाजताना सुटतात.

बैठक चार-पाच सेंमी उंच झाली की आतल्या आडभिंती घाला. एक डाव्या गुडघ्यापासून उजव्यापर्यंत, दुसरी तिला काटकोनात, समोरून पाठीपर्यंत. जाडी भिंतीइतकीच, आणि प्रत्येक कप्प्यात अंगठा जाईल एवढं भोक. या भिंती दोन कामं करतात: गुडघे बाहेर फाकू देत नाहीत आणि धडाचं वजन खाली पोचवतात. गुडघे भरीव ठेवायचा मोह इथे होतो, तो टाळा. गुडघ्याचा आकार आतून बोटांनी बाहेर ढकलून काढायचा, बाहेरून गोळा चिकटवून नाही. हीच सवय पोट, खांदे आणि कोपरांनाही लावायची.

एका दिवसात आठ-दहा सेंमीपेक्षा वर जाऊ नका. खालचा भाग बोट दाबल्यावर खूण उमटेल पण आकार हलणार नाही इतका घट्ट झाला, म्हणजे लेदर हार्ड झाला, की पुढचा थर. वरची कड ओल्या फडक्यानं झाकून ठेवा, नाहीतर नवीन ओली वळी सुकलेल्या कडेवर बसते आणि तिथे आडवी चीर जाते. सांधा करताना दोन्ही बाजूंना ओरखडे, मध्ये त्याच मातीची दाट स्लिप (पाण्यात कालवलेली माती), आणि मग दाबून आत एक बारीक वळी भरायची. स्लिप हा डिंक नाही. सांधा दाबानं आणि सारख्या ओलाव्यानं टिकतो.

धड सरळ ठेवण्यासाठी ओळंबा वापरा. झेन बैठकीची जुनी सूचना अशी की कान खांद्यांच्या रेषेत आणि नाक बेंबीच्या रेषेत यावं. शिल्पासाठीही हे माप तंतोतंत लागू पडतं. बाजूनं कानाच्या छिद्रातून सोडलेला ओळंबा खांद्याच्या मध्यावरून गेला पाहिजे. डोकं दोन सेंमी पुढे आलं तर मूर्ती पेंगताना दिसते, शिवाय मानेच्या मागच्या सांध्यावर सतत ताण राहतो. पाठीकडची मधली वळी थोडी जाड ठेवली तर बरं, कारण धड नेहमी पोटाकडे खचतं.

डोकं आणि हात

डोकं वेगळं करा. वर्तमानपत्राच्या घट्ट गोळ्यावर माती चढवून चेहरा पूर्ण घडवा आणि लेदर हार्ड होऊ द्या. मग तारेनं एका कानामागून दुसऱ्या कानामागेपर्यंत कवटीची टोपी कापून काढा, कागद बाहेर ओढा, लूप टूलनं, म्हणजे तारेच्या फाशाच्या कोरण्यानं, आतून कोरून सगळीकडे आठ-दहा मिमी भिंत ठेवा. नाकामागे आणि हनुवटीत माती हमखास जास्त राहते. जाडी सुईनं मोजा: सुई आतून टोचा, बाहेर टोक जेमतेम जाणवलं की थांबा, बोटानं खूण धरा. टोपी परत बसवताना तीच ओरखडे-स्लिपची रीत. कापाची रेषा कानामागून नेण्याचं कारण हेच की सांधा दिसणार नाही आणि भाजताना बारीक चीर गेलीच तर मागे राहील.

डोळ्यांसाठी आधी खोबणी, मग मातीची गोळी, मग वरची पापणी वेगळ्या पट्टीची, शेवटी खालची. वरची पापणी खालचीच्या किंचित पुढे हवी म्हणजे तिची सावली बुबुळावर पडते. सगळ्या रेषा डोळ्याला बऱ्या वाटतील त्याहून थोड्या खोल ठेवा, ग्लेझ त्या भरणार आहे. ओठांच्या कोपऱ्यांना वर वळवू नका. स्मित दाखवायचं तर गालाच्या खालच्या कडेला थोडी उठावणी पुरते.

मानेत तीन सेंमीचं भोक ठेवून डोक्याची आणि धडाची पोकळी जोडा. भरीव माती भट्टीत का फुटते याबद्दल एक गैरसमज जुना आहे: आत हवा अडकली म्हणून फुटली. फोडते ती जाड भागात राहिलेल्या पाण्याची वाफ. शंभर अंशांवर ते पाणी वाफ होऊ पाहतं आणि जाड भिंतीतून त्याला वेळेत बाहेर पडता येत नाही. भोक लागतं ते आतली भिंत बाहेरच्या बरोबरीनं वाळावी म्हणून. बंद पोकळीत आतली बाजू कितीतरी दिवस ओली राहते आणि बाहेरून मूर्ती खडखडीत कोरडी वाटते.

हात पोकळ करण्याऐवजी बाह्या पोकळ करा आणि हात त्यांतून बाहेर काढा. बाही ही भिंतच असते, तिच्यात कोपरापासून मनगटापर्यंतचा सगळा भार सामावतो. हाताचे पंजे लहान असल्यानं भरीव चालतात, पण मांडीवर टेकलेल्या बाजूनं सुईनं दहा-बारा भोकं पाडा. पंजे मांडीला पूर्ण जोडलेले असावेत. मधे हवा ठेवून अलगद टेकवले तर मांडी आणि पंजा वेगवेगळ्या वेगानं आकसतात आणि बोटं मुळाशी तुटतात. अंगठ्यांची टोकं घट्ट जोडू नका, नुसती टेकवा. जोडली तर वाळताना दोन्ही हात विरुद्ध दिशांना ओढतात आणि चीर नेमकी तिथे पडते.

चीवर

भिक्षूचं चीवर तुकडे जोडून शिवलेलं असतं. विनयातल्या, म्हणजे भिक्षूंच्या नियमग्रंथातल्या, कथेप्रमाणे मगधातल्या बांधबंदिस्तीच्या शेतांवरून बुद्धाचा शिष्य आनंद यानं त्याची रचना केली. शिल्पकाराला हे शेतांचे चौकोन म्हणजे आयतं मिळालेलं दान आहे. लेदर हार्ड अवस्थेत दीड मिमी खोल रेषा कोरून चौकोन आखले की प्रत्येक रेष ग्लेझला बांध घालते आणि हिरवा रंग शेजारच्या तपकिरीत वाहत नाही. सानत्सायमध्ये रंग एकमेकांत मिसळणं कधी सौंदर्य असतं, पण चीवराचं शिवण वाचता यायला हवं असेल तर बांध हवाच.

घड्या बाहेरून मातीच्या पट्ट्या लावून करू नका. भिंत आतून ढकलून उंचवटा आणि बाहेरून कोरून खोलगा, असंच करा. डाव्या खांद्यावरून येणारं वस्त्र उजव्या काखेखालून जातं आणि मांडीवर त्याचा पंखा पडतो. हा पंखा समोरची खालची कड झाकतो, म्हणजे सर्वांत जास्त तडकणारी जागा. ती थोडी जाड आणि सलग ठेवता आली तर दुहेरी फायदा.

वाळवणं

इथे घाई केलेली मूर्ती भट्टीत जाण्याआधीच गेलेली असते. पहिला आठवडा पूर्ण प्लास्टिकखाली, फक्त रोज एकदा उघडून आतलं दव पुसायचं. या काळात ओलावा सगळीकडे सारखा होतो. पुढचे दोन आठवडे प्लास्टिक सैल. बोटं, कान, नाक, चीवराची पातळ कड हे भाग वेगानं वाळतात, त्यांच्यावर प्लास्टिकचे छोटे तुकडे किंवा वॅक्स ठेवा. मूर्ती कधीमधी कलती करून खालून वारा मिळू द्या. पंख्याचा झोत नको, एका बाजूनं वाळलेली मूर्ती त्याच बाजूला वाकते.

कोरडी झाली की नाही हे दिसण्यावरून ठरवू नका. गालाला मूर्तीचा गुडघा लावून बघा, गार लागला तर आत पाणी आहे. त्याहून खात्रीचा उपाय वजनाचा: रोज काट्यावर ठेवा, सलग तीन दिवस वजन बदललं नाही की ती तयार. खोलीत दमट हवा असेल तर त्यानंतरही भट्टीतला मंद ताप लागतोच.

पहिली भाजणी

मूर्ती खालच्या पोळीसकट ठेवा, शेल्फवर वाळूचा थर देऊन. भट्टीच्या तारांपासून किंवा ज्वाळेपासून किमान पाच-सहा सेंमी अंतर, आणि चेहरा सर्वांत तापणाऱ्या बाजूला नको. ८० ते ९० अंशांवर दहा-बारा तास, झरोका उघडा. झरोक्यासमोर थंड काच किंवा आरसा धरा. त्यावर दव येतंय तोवर वर जाऊ नका. मग तासाला ३० अंश या वेगानं २५० पर्यंत, तासाला ५० ते ६० नं ६२० पर्यंत. ४५० ते ६०० च्या दरम्यान मातीतलं रासायनिक पाणी निघतं आणि ५७३ ला क्वार्ट्झ एकदम फुगतो. गार होताना याच आकड्याला तो तेवढाच आकसतो. ६२० नंतर तासाला १०० चालतात. ९०० ला तासभर थांबा म्हणजे मातीतला कार्बन जळून जाईल, नाहीतर पुढच्या भाजणीत ग्लेझला फोड येतात. ११०० ला वीस मिनिटं. चढायला साधारण २८ तास, उतरायला त्याहून कमी देऊ नका. शंभराच्या खाली आल्याशिवाय झाकण हलवायचं नाही.

जाड बुडाचं तापमान वरच्या भागाच्या मागे असतं हे लक्षात ठेवा. काटा ५७३ दाखवतो तेव्हा गुडघ्यांच्या आत कदाचित ५४० असेल. म्हणून हा टप्पा ५५० ते ६२० असा रुंद धरून सावकाश ओलांडायचा.

ग्लेझ

शिशाचं ग्लेझ आज वापरू नये. त्याची पूड श्वासातून जाते, भट्टीतून वाफ येते, आणि बोरॉनच्या फ्रिटनं, म्हणजे वितळवून दळलेल्या काचेच्या पुडीनं, काम भागतं. ८५ भाग बिनशिशाचं पारदर्शक बोरोसिलिकेट फ्रिट आणि १५ भाग केओलिन (पांढरी चिनी माती) हा आधार. त्यात कॉपर कार्बोनेट ३ टक्के घातलं की हिरवा, रेड आयर्न ऑक्साइड ६ टक्के घातलं की मधासारखा तपकिरी, काहीच नाही तर स्वच्छ. शिशात तांबं जो गवती हिरवा देतं तो इथे थोडा निळसर येतो. चिमूटभर आयर्न घातल्यानं तो जवळ येतो, पण हुबेहूब नाही. माती पिवळट असेल तर लेदर हार्ड अवस्थेतच पांढरी स्लिप लावून ठेवायला हवी, नाहीतर पारदर्शक ग्लेझ मातीचाच रंग दाखवणार. तांब्याची पूड हाताळताना मास्क लावा, कोरडी झाडू नका. आधी चाचणीच्या फरशांवर, त्याही उभ्या ठेवून, ग्लेझ किती वाहतं ते बघा.

११०० ला भाजलेलं अंग नेहमीच्या बिस्कपेक्षा, म्हणजे कमी तापमानाला एकदा भाजलेल्या कोऱ्या अंगापेक्षा, कमी पाणी शोषतं. पातळ ग्लेझ त्यावरून ओघळतं. घोळ दाट सायीसारखा ठेवा, थोडा सीएमसी गोंद घाला आणि मूर्ती हाताला कोमट लागेल इतकी तापवून ब्रशनं तीन पातळ हात द्या. आधी ओल्या स्पंजनं धूळ काढणं चुकवू नका, धूळ राहिली तिथे ग्लेझ गोळा होऊन अंग उघडं पडतं. चीवरावर जाडी एक मिमीच्या आसपास, चेहऱ्यावर त्याच्या निम्मी. खालची एक सेंमी कड कोरी.

चेहऱ्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: हात बसलेला नसेल तर चेहरा आणि हात बिनग्लेझचे ठेवा. ग्वांगडोंगमधल्या फोशानजवळच्या शिवान कामात हीच रीत आहे. वस्त्राला दाट ग्लेझ, त्वचेच्या जागी उघडी माती. पापण्यांची धार आणि ओठांच्या रेषा त्यामुळे शाबूत राहतात, आणि तुकतुकीत चीवराशेजारी मातीची कोरडी त्वचा जिवंत दिसते. यीश्यानच्या मूर्तींच्या चेहऱ्यावरही ग्लेझ आहे हे खरं, पण तिथे चेहरा एवढा मोठा आहे की ग्लेझच्या थरानं पापणी बुजत नाही. दहा सेंमीच्या डोक्यात ती बुजते.

दुसरी भट्टी तासाला ६० नं ६०० पर्यंत, मग १०० नं १०५० पर्यंत, दहा मिनिटं थांबून बंद. चाचणीच्या फरशीवर ग्लेझ अजून खरखरीत असेल तर दहा-वीस अंश वाढवा, थांबण्याचा वेळ वाढवू नका. लांब थांबलं की ग्लेझ मांडीच्या खोलग्यात जाऊन हिरवं तळं होतं.

चीर वाचणं

चीर कधी पडली हे तिच्या कडा सांगतात. ग्लेझच्या कडा गोलावलेल्या असतील आणि चिरेत ग्लेझ उतरलं असेल तर ती ग्लेझ वितळण्याआधीच होती, म्हणजे वाळवताना, पहिल्या भाजणीत किंवा दुसऱ्या भट्टीच्या चढतीला. कडा धारदार आणि ग्लेझ काचेसारखं कापलेलं असेल तर ती गार होताना पडली, म्हणजे भट्टी लवकर उघडली किंवा ५७३ भरभर ओलांडला. मानेभोवतीची आडवी चीर म्हणजे डोकं आणि धड वेगळ्या ओलाव्याचं जोडलं. बुडाकडून वर जाणारी उभी चीर म्हणजे खालची पोळी किंवा वाळू नव्हती. समोर दोन गुडघ्यांच्या मधली चीर म्हणजे आडभिंत पातळ पडली किंवा घातलीच नाही. गुडघ्याचा कपचा उडाला आणि खाली चुरा पडला असेल तर ती वाफ. ग्लेझवरची बारीक जाळी हा मात्र अंगाचा तडा नाही, ग्लेझ अंगापेक्षा जास्त आकसल्याचं ते लक्षण आहे. शिशाच्या जुन्या ग्लेझवर ती सर्रास दिसते. नको असेल तर ग्लेझमध्ये बारीक सिलिका थोडी थोडी वाढवून फरशीवर तपासा.

पहिल्या भाजणीनंतर सापडलेली बारीक चीर भरता येते: त्याच मातीच्या भाजलेल्या तुकड्यांची बारीक पूड, तिच्या पाचव्या भागाइतकं फ्रिट, आणि पाण्याऐवजी थोडं सोडियम सिलिकेट. चीर आधी ओली करा, मिश्रण सुरीनं खोल दाबा, कोरडं झाल्यावर घासा, मग ग्लेझ. ओली माती भरू नका, ती एकटीच आकसते आणि बाहेर पडते. दोन मिमीहून रुंद चीर किंवा मानेची पूर्ण फिरलेली चीर असेल तर ग्लेझची भट्टी होऊ द्या आणि नंतर इपॉक्सीनं जोडा. मानेच्या भोकातून स्टीलची दांडी घालून ती दोन्ही बाजूंना इपॉक्सीत बसवली की डोकं हलत नाही. अंग सच्छिद्र राहिलेलं असतं, त्यामुळे पाणी गोठेल अशा उघड्या जागी ही मूर्ती ठेवू नका. आसन वेगळं केलं असेल तर मूर्ती आणि आसन यांच्यामध्ये फेल्टचे तीन ठिपके लावा. चार लावले तर एक बहुधा अधांतरी राहतो आणि मूर्ती डुगडुगते.